स्टिरॉइडने विरघळलेली गाठ: एका रुग्णाच्या दोन बायोप्सी

पाच आठवड्यांत बोलणं कमी कमी होत गेलं, एवढीच मूळ तक्रार होती. बाई ६१ वर्षांच्या. बीपीची एक गोळी सोडली तर कुठलंही दुखणं नाही. हातात घेतलेलं काम त्या अर्धवट टाकतात, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतात आणि दुपारभर झोपून राहतात, हे घरच्यांच्या लक्षात आधी आलं. ताप नाही, डोकेदुखी नाही, फिट आलेली नाही. सगळ्यांना वाटलं, मन खचलंय. मग उजवा पाय किंचित ओढत चालायला लागल्या, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला आणि मेंदूच्या पुढच्या भागात गाठ दिसली.

पुढचं सगळं मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून सांगते आहे. रुग्णाची ओळख पटेल असं काही इथे नाही. शिवाय अशा एकाहून अधिक रुग्णांच्या कहाण्या मी एकत्र गुंफल्या आहेत, कारण घटनांचा क्रम बहुतेक वेळा हाच असतो. बायोप्सी झाली, रिपोर्ट आला, आता निदान पक्कं झालं, असं घरच्यांना वाटतं आणि पुष्कळदा आम्हा डॉक्टरांनाही वाटतं. पण तो रिपोर्ट असतो एक-दोन मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचा. तुकडा कुठून घेतला, कधी घेतला आणि त्या वेळी रुग्णाच्या अंगात कोणतं औषध होतं, हे माहीत असल्याशिवाय त्या रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

पहिला स्कॅन आणि लगोलग सुरू झालेलं औषध

तो पहिला सीटी डाय, म्हणजे गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य, न देता काढलेला होता. डाव्या फ्रंटल लोबच्या खोल भागात आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या टोकाला साधारण तीन सेंटिमीटरचा भाग आजूबाजूच्या मेंदूपेक्षा उजळ दिसत होता. भोवती बरीच सूज. या उजळपणाकडे त्या दिवशी कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि देण्याचं तसं कारणही नव्हतं. गाठ आहे म्हटल्यावर पुढचा एमआरआय होणारच होता.

सूज पाहून तिथल्या डॉक्टरांनी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केलं. दिवसाला १६ मिलिग्रॅम, चार वेळा विभागून. मेंदूच्या गाठीभोवतीची सूज उतरवायला हे औषध कित्येक दशकं वापरात आहे आणि ते काम ते चोख करतं. दोन दिवसांत बाई उठून बसल्या, नातवाची चौकशी करू लागल्या. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. एमआरआयचा नंबर लागला तो पाचव्या दिवशी, म्हणजे औषध चांगलं भिनल्यावर.

त्या एमआरआयचा रिपोर्ट वाचताना रेडिओलॉजिस्टची अडचण स्पष्ट कळते. डाय दिल्यावर गाठ सलग उजळत नव्हती. कुठे ठिपके, कुठे फिकट पट्टा, एका बाजूला अर्धवट कडं. डिफ्यूजनमध्ये, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या चित्रात, थोडा बदल; परफ्यूजनमध्ये, म्हणजे रक्तपुरवठा दाखवणाऱ्या चित्रात, रक्ताचं प्रमाण वाढलेलं नाही. रिपोर्टच्या शेवटी तीन शक्यता लिहिल्या होत्या: ग्लायोब्लास्टोमा (मेंदूच्या आधारपेशींचा कॅन्सर), लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) किंवा ट्यूमेफॅक्टिव्ह डीमायलिनेशन. यातली तिसरी गाठ नव्हेच. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण मोठ्या भागात एकदम निघून गेलं की स्कॅनवर ते हुबेहूब गाठीसारखं दिसतं.

तिन्हींचे उपचार तीन दिशांना जातात. ग्लायोब्लास्टोमा असेल तर जमेल तेवढी गाठ काढायची, मग रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध. लिम्फोमा असेल तर मोठी शस्त्रक्रिया नाही, नुसत्या बायोप्सीवर भागवायचं आणि मेथोट्रेक्झेटच्या मोठ्या डोसची केमोथेरपी द्यायची. डीमायलिनेशन असेल तर शस्त्रक्रियाही नको आणि रेडिएशन तर अजिबात नको. म्हणून नुसत्या चित्रावर विसंबून चालत नाही, टिशू लागतोच.

डेक्सामेथासोन सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी, म्हणजे स्कॅनवर मोजलेल्या बिंदूपर्यंत सुई नेऊन घेतलेली बायोप्सी, झाली. रिपोर्ट असा: मोडतोड गिळून साफ करणाऱ्या फेसाळ मॅक्रोफेज पेशींचे थर, मायलिनचा ऱ्हास, प्रतिक्रिया म्हणून फुगलेले ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधारपेशी), रक्तवाहिन्यांभोवती टी-लिम्फोसाइट. गाठीच्या पेशी दिसल्या नाहीत. चित्र डीमायलिनेशनशी सुसंगत.

घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले. कॅन्सर नाही! पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन, हेही स्टिरॉइडच, शिरेतून, मग गोळ्या हळूहळू कमी करत बंद. सहा आठवड्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये गाठ जवळजवळ नाहीशी झालेली.

चार महिन्यांनी बाई पुन्हा गुंगायला लागल्या. या वेळी डावा हात जड, आणि घरातल्या घरात खोली चुकायची. त्या आमच्याकडे आल्या त्या या टप्प्यावर.

न जुळणाऱ्या गोष्टी

न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी, रेडिओलॉजी, ऑन्कॉलॉजी आणि पॅथॉलॉजी अशा सगळ्यांच्या एकत्र बैठकीत आम्ही हे प्रकरण पहिल्यापासून वाचलं. नवा एमआरआय नुकताच झाला होता. जुनी जागा जवळपास स्वच्छ होती आणि उजवीकडे, लॅटरल व्हेंट्रिकल या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला चिकटून, नवीन गाठ होती. डीमायलिनेशनचा दुसरा झटका म्हणता आला असता. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये नवनवीन जागी चट्टे येतातच. पण ते म्हणायला जीभ रेटेना.

एक तर वय. मायलिनच्या आजाराची सुरुवात साठीनंतर अशी मोठ्या गाठीने होणं शक्य असलं, तरी विरळा. दुसरं, पाठीच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये बहुधा सापडणाऱ्या प्रथिनांच्या पट्ट्या, नव्हते. त्यावरून काही सिद्ध होत नाही, तरी पारडं थोडं कलतंच. तिसरी गोष्ट रेडिओलॉजिस्टने दाखवली आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची होती. त्याने तो पहिला, विसरला गेलेला सीटी पडद्यावर लावला. डाय न देता जो भाग उजळ दिसतो तिथे पेशींची दाटी असते. केंद्रकं मोठी, पेशींमधलं पाणी कमी, म्हणून क्ष-किरण जास्त अडतात. मायलिन निघून गेलेला भाग सीटीवर बहुतेक वेळा उलट काळसर दिसतो. आणि हा सीटी स्टिरॉइडचा एकही डोस पोटात जाण्याआधीचा होता. म्हणजे औषधाने न बिघडवलेला तेवढा एकच पुरावा आमच्या हातात होता, आणि तो पेशींच्या दाटीकडे बोट दाखवत होता.

मी जुन्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवून जपलेला टिशू) मागवून घेतले. पहिल्या पॅथॉलॉजिस्टने लिहिलेलं सगळं खरं होतं, हे आधी सांगायला हवं. मॅक्रोफेजचे थर होते. लक्सॉल फास्ट ब्लू या रंगाने मायलिन निळं उठतं. तिथे मॅक्रोफेजच्या पोटात निळे कण दिसत होते, म्हणजे त्यांनी मायलिन गिळलेलं होतं. पण मी न्यूरोफिलामेंटचा स्टेन केला तेव्हा आतले ॲक्सॉनही, म्हणजे आवरणाच्या आतल्या तारा, ठिकठिकाणी तुटलेले दिसले. खऱ्या डीमायलिनेशनमध्ये आवरण जातं आणि आतली तार बरीचशी शाबूत राहते. तीव्र झटक्यात ॲक्सॉनलाही इजा होते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. तरीही इथे आवरणापेक्षा जास्त काहीतरी उद्ध्वस्त झालं होतं. मधेमधे मेलेल्या पेशींच्या केंद्रकांचा चुरा होता. सीडी ३ करून पाहिलं तर टी-पेशी भरपूर. सीडी २०, म्हणजे बी-पेशींची खूण, एखाद-दुसऱ्या वाहिनीभोवती तुरळक. बी-पेशी एकाच मूळ पेशीपासून वाढल्या आहेत का, हे जनुकांच्या मांडणीवरून तपासायचं होतं, पण ब्लॉकमध्ये त्याजोगा टिशूच उरला नव्हता.

स्टिरॉइड लिम्फोमाचं काय करतं हे इथे सांगायला हवं, कारण सगळं त्यावर अडलं आहे. लिम्फोसाइट पेशींमध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइडचे रिसेप्टर असतात आणि ते चेतवले की पेशीच्या आत मरणाचा ठरीव कार्यक्रम सुरू होतो. मेंदूतल्या लिम्फोमाच्या पुष्कळशा पेशी काही दिवसांत, कधी काही तासांतसुद्धा, अशा मरून जातात. मागे उरतात ते साफसफाईला आलेले मॅक्रोफेज, भोवतीच्या टी-पेशी आणि इजा झालेलं मायलिन. अशा वेळी सुई टाकली तर तुकड्यात नेमकं डीमायलिनेशनसारखं चित्र दिसतं. त्याच वेळी स्टिरॉइड रक्त आणि मेंदूमधला फुटलेला अडसरही बुजवतं, त्यामुळे डाय आत झिरपत नाही आणि एमआरआयवर उजळपणा विरतो. लिम्फोमाला म्हणूनच ‘घोस्ट ट्यूमर’, भुतासारखी दिसेनाशी होणारी गाठ, असं म्हणतात. परंतु स्टिरॉइडने गाठ लहान झाली म्हणून ती लिम्फोमाच, असंही नाही. डीमायलिनेशन आणि सारकॉइडोसिस हा दाहाचा आजारही स्टिरॉइडला असाच प्रतिसाद देतात, ग्लायोमाचा (ग्लायोब्लास्टोमा ज्या गटात येतो त्या गाठींचा) उजळपणासुद्धा थोडा उतरतो. औषधाने फरक पडला, यावरून निदान ठरवायला जाणारा हमखास फसतो.

आणखी एक शक्यता आम्ही फळ्यावर लिहून ठेवली होती. काही रुग्णांमध्ये लिम्फोमा उघड होण्याच्या काही महिने आधी खरोखरच दाहाचा, मायलिन झडल्यासारखा चट्टा येतो, आणि तो स्टिरॉइड दिलेलं नसतानाही. अशा चट्ट्याला ‘सेंटिनल लिजन’ म्हणतात, आगाऊ वर्दी देणारा. शरीराची प्रतिकारशक्ती गाठीशी सुरुवातीला झुंजत असावी, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. या बाईंच्या पहिल्या गाठीत यातलं नेमकं काय झालं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. सीटीवरच्या त्या दाटीमुळे माझा कल स्टिरॉइडने लिम्फोमा पुसला गेला या स्पष्टीकरणाकडे आहे. दोन्हींतून निघणारा निर्णय मात्र एकच होता: पुन्हा बायोप्सी, आणि या वेळी स्टिरॉइडचा थेंबही न देता.

थांबण्याचे दोन दिवस

हे बैठकीत ठरवणं सोपं होतं. वॉर्डात बाईंची मुलगी उभी होती.

“मागच्या वेळी त्या इंजेक्शनने आई दोन दिवसांत बोलायला लागली होती. तेच द्या ना, डॉक्टर. आता कशासाठी थांबलात?”

आमचे न्यूरोसर्जन तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. “ताई, त्या इंजेक्शनने आईंना बरं वाटलं, पण त्यानेच आजाराचा पुरावाही पुसला, असा आम्हाला संशय आहे. आता पुन्हा दिलं तर पुन्हा बरं वाटेल, आणि काही महिन्यांनी आपण परत इथेच बसलेलो असू. तोवर आजार पुढे गेलेला असेल.”

“आणि या दोन दिवसांत काही झालं तर?”

“दर दोन तासांनी सिस्टर बघणार आहेत. सूज वाढून जिवावर बेतण्याची चिन्हं दिसली तर आम्ही निदानाकडे बघत बसणार नाही, स्टिरॉइड देऊ. जीव आधी. सूज उतरवायची बाकीची औषधं हाताशी ठेवली आहेत. परवा सकाळी पहिली केस आईंची.”

त्यांनी दिलेला शब्द वैद्यकीय दृष्ट्याही बरोबर होता. संशय लिम्फोमाचा असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर बायोप्सीपर्यंत स्टिरॉइड रोखायचं. मेंदू दाबला जाऊन जीव धोक्यात असेल तर रोखायचं नाही. मुलीने तासभर विचार केला, भावाला फोन केला आणि सही केली. त्या दोन दिवसांत बाई जेवताना घास तोंडात धरून बसायच्या आणि मुलगी “गिळ गं आई” म्हणत राहायची. स्टिरॉइड न देण्याची किंमत कुणी मोजली हे त्या वॉर्डात दिसत होतं, आणि म्हणून ते दोन दिवस वाया जाऊ न देणं हे आमचं काम होतं.

त्या वेळात बाकीच्या तपासण्या उरकल्या. एचआयव्ही निगेटिव्ह, हे विचारावंच लागतं, कारण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात लिम्फोमाचं रूप वेगळं असतं आणि टॉक्सोप्लाझ्मासारखे संसर्ग यादीत वर येतात. छाती-पोटाच्या पेट-सीटीत कुठेही गाठ नाही. नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पने डोळे तपासले, कारण हा आजार काहींच्या डोळ्यातल्या काचरसात उतरलेला असतो आणि तिथून निदान झालं तर मेंदूत सुई टाकावीच लागत नाही. डोळे स्वच्छ होते. एमआरआयवर मेंदू एका बाजूला सरकलेला नव्हता म्हणून पाठीतलं पाणी काढणं सुरक्षित होतं. प्रोटीन वाढलेलं, लिम्फोसाइट थोडे, पण सायटॉलॉजीत कॅन्सरच्या पेशी नाहीत. पाण्यात पेशी न सापडणं हे इथे नेहमीचंच. त्यामुळे संशय दूर होत नाही.

औषधाशिवायचा एमआरआय

औषधाशिवाय काढलेला हा नवा एमआरआय आणि औषधाखालचा तो पहिला एमआरआय शेजारी शेजारी लावले तेव्हा खोलीतले रेसिडेंट खुर्च्या पुढे ओढून बसले. एकाच रुग्णाचे वाटत नव्हते.

नवी गाठ डाय दिल्यावर सलग, एकसारखी उजळत होती. मधे कुजलेला काळा गाभा नाही. ग्लायोब्लास्टोमा असता तर बहुतेक वेळा मधला भाग मेलेला आणि भोवती जाडजूड, वेडंवाकडं कडं दिसलं असतं. टी२ चित्रात ही गाठ पांढरी न दिसता करडी, मेंदूच्या रंगाला मिळतीजुळती होती, आणि हे पुन्हा पेशींच्या दाटीचं लक्षण. गाठ व्हेंट्रिकलच्या भिंतीला लगटून होती. डिफ्यूजनच्या चित्रात झगझगीत पांढरी आणि एडीसी नकाशावर, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल आकड्यात मोजणाऱ्या चित्रात, काळी: पेशींमधल्या फटीत पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नाही. एडीसीचा आकडा ०.६ च्या आसपास आला, मोजमाप १० चा उणे तिसरा घात चौरस मिलिमीटर प्रति सेकंद या एककात. मेंदूच्या निरोगी पांढऱ्या भागात तो साधारण ०.७ ते ०.८ असतो. मेंदूतल्या पुवाच्या गळवातही एडीसी खाली जातो, पण तिथे मधला पू काळा दिसतो आणि डाय फक्त भिंतीत उजळते. इथे जो भाग उजळत होता तोच काळाही होता.

परफ्यूजनमध्ये रक्ताचं प्रमाण थोडंसंच वाढलेलं. ग्लायोब्लास्टोमा नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं उभं करतो, त्यामुळे तिथे हा आकडा बराच चढतो. लिम्फोमा आहे त्याच वाहिन्यांभोवती दाटी करून राहतो आणि त्यांच्या भिंती गळक्या करतो. म्हणून डायचा पहिला फेरा होऊन गेल्यावर सिग्नलची रेषा मूळ पातळीच्याही वर निघून गेली. रेडिओलॉजिस्टने कर्सर नेमका त्या टोकाला नेऊन ठेवला आणि “ही बघा गळती” एवढंच म्हणाला. रक्तस्रावाचे बारीक ठिपके दाखवणाऱ्या चित्रात गाठीच्या आत काहीच नव्हतं. गाठीतले रासायनिक घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीत कोलीन वर, एनएए (निरोगी मज्जापेशींची खूण) खाली, आणि कुजलेला भाग नसतानाही लिपिडचा उंच शेंडा.

यातली कुठलीही एक खूण एकटी घेतली तर तिला अपवाद सापडतो. सगळ्या एका दिशेला झुकल्या की वजन येतं. एवढं असूनही रेडिओलॉजिस्टने रिपोर्टात ‘लिम्फोमाची दाट शक्यता’ लिहिलं, ‘लिम्फोमा’ लिहिलं नाही. मला त्याचा हा संयम फार मोलाचा वाटतो. केमोथेरपी चित्रावर सुरू करता येत नाही.

सुई कुठे टाकायची

बायोप्सीचं लक्ष्य निवडायला सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसले, आणि हे सगळीकडे व्हायला हवं असं माझं आग्रहाचं मत आहे. डायने सर्वांत जास्त उजळणारा आणि एडीसी सर्वांत कमी असलेला बिंदू हे लक्ष्य. तिथे पोचायचा मार्ग असा की वाटेत वळ्यांमधल्या खाचा, ठळक रक्तवाहिन्या आणि व्हेंट्रिकल लागू नये. व्हेंट्रिकलमध्ये सुई शिरली की पाणी निसटतं आणि मोजलेलं लक्ष्य सरकू शकतं. बाजूला खिडकी असलेली सुई वापरली. टिशू खिडकीतून आत ओढून आतल्या नळीने कापला जातो. लक्ष्याच्या थोडं आधी, लक्ष्यावर आणि थोडं पुढे अशा वेगवेगळ्या खोलीवर तुकडे घेतले. रक्तस्रावाचा धोका थोडा का होईना असतोच, तो मुलीला आधीच सांगितलेला होता.

पहिला तुकडा माझ्याकडे सलाइनने ओलसर केलेल्या गॉजवर आला. सेंटिमीटरभर लांब, करडा-गुलाबी, मऊ. त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा भाग काढून एका काचपट्टीवर ठेवला, दुसरी काचपट्टी वरून दाबली आणि सरकवून दोन्ही वेगळ्या केल्या. या चिरडून पसरवलेल्या स्मिअरची पद्धत मेंदूच्या गाठींसाठी लुईस आयझेनहार्ट आणि हार्वी कुशिंग यांनी १९३० साली मांडली आणि ती आजही ऑपरेशन चालू असताना माझा पहिला आधार आहे. गोठवून काप काढले की मेंदूच्या टिशूत बर्फाचे कण होऊन पेशींचा आकार बिघडतो. स्मिअरमध्ये केंद्रक जसंच्या तसं राहतं.

काचपट्टी दाबतानाच थोडा अंदाज येतो. ग्लायोमाचा तुकडा धाग्यांमुळे चिवट असतो, पसरताना ओढला जातो आणि मायक्रोस्कोपखाली गुलाबी तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या पेशी दिसतात. हा तुकडा सहज पसरला. अल्कोहोलमध्ये बुडवून, रंगवून काही मिनिटांत पट्टी मायक्रोस्कोपखाली घेतली. पेशी एकमेकींना न धरता सुट्या सुट्या विखुरलेल्या. केंद्रक मोठं, गोलसर, कडेला खाच पडलेलं, आत ठळक न्यूक्लिओलस, भोवती सायटोप्लाझमची जेमतेम कड. पार्श्वभूमीवर फुटलेल्या पेशींचे फिकट निळसर गोल कण. एका केशवाहिनीभोवती अशाच पेशींची गर्दी. पेशीविभाजन चालू असलेल्या पेशी शोधाव्या लागल्या नाहीत, प्रत्येक क्षेत्रात होत्या. मॅक्रोफेजही होते, पण या वेळी मधेमधे.

मी ओटीत फोन केला. “टिशू बरोबर जागचा आहे. लिम्फोमा वाटतोय, ग्लायोमा नाही. सगळं स्मिअरमध्ये संपवत नाहीये. मला पॅराफिनसाठी दोन कोअर द्या, एक गोठवून मॉलिक्युलरला, आणि एक टीबी-फंगसच्या कल्चरला.” पलीकडून सर्जनने विचारलं, “मग आता डेक्सा दिलं तर चालेल ना?” टिशू सुरक्षित होता. मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत पहिला डोस गेला.

निदान

पॅराफिन मेणात बसवून काढलेल्या कापांवर पेशी सीडी २०, सीडी ७९ए आणि पॅक्स ५ पॉझिटिव्ह, म्हणजे बी-पेशी. त्यांचा उपप्रकार सांगणाऱ्या खुणांपैकी सीडी १० निगेटिव्ह, बीसीएल ६ आणि एमयूएम १ पॉझिटिव्ह. केआय-६७ जवळपास ९० टक्के; बहुतेक प्रत्येक पेशी विभाजनाच्या चक्रात. ग्लायोमाकडे बोट दाखवणारं जीएफएपी फक्त मधल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये. एपस्टाइन-बार विषाणूची खूण नाही. एमवायडी ८८ जनुकात एल२६५पी हा बदल सापडला, जो मेंदूतल्या या लिम्फोमाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत असतो. कल्चरमध्ये काही वाढलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार निदान: मध्यवर्ती मज्जासंस्थेचा प्राथमिक डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा.

रिपोर्टात मी दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. एक, हा तुकडा स्टिरॉइडशिवाय घेतलेला आहे. दुसरी, आधीच्या बायोप्सीतलं चित्र स्टिरॉइडखालचं असल्याने त्यावरून त्या वेळी लिम्फोमा नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही. आमच्या विभागात बायोप्सीसोबत येणाऱ्या फॉर्मवर आता स्टिरॉइड चालू आहे का, कोणतं, किती दिवस आणि शेवटचा डोस कधी, हे विचारलेलं असतं. ते रकाने रिकामे आले तर मी स्लाइड बघण्याआधी फोन करते.

पहिल्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टना मी स्वतः कळवलं. त्यांच्या फॉर्मवर ‘फ्रंटल एसओएल’, म्हणजे पुढच्या भागात जागा व्यापणारी गाठ, एवढेच शब्द होते, स्टिरॉइडचा उल्लेख नव्हता. सीटीही त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. काचेवर जे होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ज्याला गोष्ट अर्धीच सांगितली, त्याच्याकडून पूर्ण उत्तर कसं येणार?

त्यानंतर

किडनीचं काम तपासून रिटक्सिमॅब (बी-पेशींवर नेम धरणारं औषध) आणि मोठ्या डोसचं मेथोट्रेक्झेट सुरू झालं. ते देताना भरपूर सलाइन, लघवी अल्कधर्मी राखणं, मेथोट्रेक्झेटचा दुष्परिणाम रोखणाऱ्या ल्युकोव्होरिनचं संरक्षण आणि रक्तातली औषधाची पातळी रोजच्या रोज बघणं, हे सगळं काटेकोर पाळावं लागतं. डेक्सामेथासोन पहिल्या काही आठवड्यांतच कमी करत बंद केलं. चार फेऱ्यांनंतरच्या एमआरआयमध्ये गाठीचा उजळपणा गेला होता, फक्त सुई गेलेल्या मार्गाची बारीक रेघ उरली होती. आणि हा एमआरआय स्टिरॉइड पूर्ण बंद असताना काढलेला असल्यामुळे त्या सुधारणेवर विश्वास ठेवता येत होता. बाई घरात काठीशिवाय चालू लागल्या. बोलणं परत आलं. नावं अजून मधेच अडकतात.

हा आजार परत येऊ शकतो. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी एमआरआय ठरला आहे. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं आहे की कुठल्याही कारणासाठी, अगदी दम्यासाठी किंवा ॲलर्जीसाठी असलं तरी, तातडीची वेळ नसेल तर आमच्या टीमला विचारल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नये. त्या पानाची झेरॉक्स आणि तो पहिला सीटी मुलगी प्रत्येक भेटीला सोबत आणते. नवा डाग दिसलाच तर क्रम ठरलेला आहे: औषधाआधी एमआरआय, डोळे आणि पाठीतलं पाणी, आणि गरज पडली तर तिसरी बायोप्सी.